संडे स्कूलला सतरंज्या पुरत नाहीत आणि यूथला कुणी येत नाही, काय करावं? (मेथडिस्ट चर्च, नागपूर)

संडेस्कूलवाली_ताई

सगळ्यांना सलाम. पोस्ट मोठी होणार आहे, चहा घेऊन बसा.

आमचं मेथडिस्ट चर्च, नागपुरातलंच. कोणतं ते नाही लिहीत, कारण आमच्याकडचेच अर्धे लोक इथं गुपचूप वाचत असतात. मी संडे स्कूलचा मधला वर्ग घेते, तिसरी ते सहावीची पोरं. यंदा पास्टरेट कमिटीनं (चर्चचा कारभार बघणारी) एमवायएफ, म्हणजे मेथडिस्ट यूथ फेलोशिप, आमचा तरुणांचा गट, पण माझ्याच गळ्यात टाकला, कारण आधी जो दादा बघायचा तो नोकरीला हैदराबादला गेला आणि मीटिंगमध्ये आता कोण घेणार म्हटल्यावर सगळे एकदम छताच्या पंख्याकडे बघायला लागले.

संडे स्कूलचं मला टेन्शन नाही. पोरं येतात, गोष्ट ऐकतात, सुवर्णवचन पाठ करतात, भांडतात, बिस्किट खाऊन जातात. व्हीबीएसला, म्हणजे उन्हाळी सुट्टीतल्या बायबल शाळेला, तर विचारू नका. मे महिन्यात सकाळी साडेसातला सुरू करून दहाच्या आत सोडावं लागतं, त्यात कूलरसमोर कोण बसणार यावरून रोज मारामारी, पण येतात. पुढं खरी गंमत आहे. आठवी-नववीत पाळक साहेब दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) क्लास घेतात, पोरं प्रश्नोत्तरं पाठ करतात, नवे कपडे, प्रभुभोजन, फोटो, घरी बिर्याणी. आणि मग टीसी घेऊन गेल्यासारखी गायब. नंतर दिसतात ते थेट नाताळच्या कॅरोल राउंडला, त्यातही गाडीवर मागं बसून मोबाईलमध्ये.

कमिटीत एक जण म्हणतात प्रोजेक्टर घ्या, एक म्हणतात ड्रमसेट घ्या, तरुणांना म्युझिक लागतं. एका काकांचं म्हणणं सगळा दोष मोबाईलचा आणि आईबापांचा. बजेट किती ते सांगत नाही, हसाल.

मला तीन गोष्टी विचारायच्यात. एक, तेरा-चौदानंतरची पोरं टिकली असं कुणाच्या चर्चमध्ये झालंय का आणि कशानं. दोन, आमच्याकडे एमवायएफ म्हणजे तेरा वर्षांच्या पोरीपासून सव्वीस वर्षांच्या इंजिनियरपर्यंत सगळे एकाच खोलीत, मोठे लोक नोकरी-लग्नावर बोलतात आणि लहान पोरं भिंतीला टेकून जांभया देतात, हे वेगळं करावं का. तीन, भाषेचं काय करता. घरी मराठी, मित्रांत हिंदी, शाळा इंग्लिश मीडियम. मराठी बायबलमधून चार ओळी वाच म्हटलं की चांगली हुशार पोरगी पण घामाघूम होते.

---

ढोलकीवाला_भाऊ

ताई ड्रमसेटच्या भानगडीत पडू नका बाप्पा. आमच्याकडे घेतला होता. वाजवणारे तीन पोट्टे नियमित यायला लागले, ते पण वाजवण्यापुरते, संदेश सुरू झाला की बाहेर पानठेल्यावर. बाकीचे जसेच्या तसे. आता तो कोपऱ्यात चादर टाकून ठेवला आहे आणि महिला मंडळवाल्या त्याच्यावर पर्सा ठेवतात. अन् वरून म्हाताऱ्या लोकांशी भांडण वेगळंच, त्यांना ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदं पेटी-तबल्यावरच पाहिजे.

पेटी-तबला शिकवा म्हणतो मी. एखाद्या पोराला ठेका धरता आला की तो दर रविवारी येऊन राहतो, कारण त्याच्याशिवाय गाणं सुरू होत नाही. वाद्य कोणतं ते सोडा, त्याच्यावाचून अडलं पाहिजे एवढंच.

---

रिटायर्ड_मास्तर

ताई, नमस्कार. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं आणि चर्चमध्येही तेच केलं, त्यामुळे उत्तर लांबेल.

कमिटीनं प्रोजेक्टरवर चर्चा करण्याआधी एक वही घ्यावी आणि दृढीकरण झालेल्या मागच्या काही वर्षांतल्या पोरांची नावं लिहावी. प्रत्येकासमोर लिहायचं, हा मुलगा सध्या काय करतो, कशानं त्रासलेला आहे, आणि मागच्या महिन्यात चर्चमधलं कोण त्याच्याशी पाच मिनिटं बोललं. बहुतेक रकाने रिकामे राहतील. रोग तिथं आहे.

आपण मेथडिस्ट लोक आपल्या पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याचं नाव घेतो, पण त्याची खरी युक्ती विसरलो. १७४२ मध्ये ब्रिस्टलला त्यांच्या प्रार्थनागृहावर कर्ज होतं. फेडायचं कसं यावर बैठक झाली तेव्हा ठरलं की प्रत्येक सभासदानं आठवड्याला एक पेनी द्यायची. बरेच जण गरीब, त्यांना तेही जड. तेव्हा एकानं सुचवलं की अकरा-बारा नावं माझ्याकडे द्या, मी घरोघरी जाऊन गोळा करतो, ज्याचं कमी पडेल त्याचं मी भरतो. बाकीच्यांनीही तसंच उचललं. आणि घरोघरी गेल्यावर या वसुलीवाल्यांना दिसलं की कुणाकडे दारू आहे, कुणाकडे नवरा-बायकोचं भांडण आहे, कुणी आजारी पडून आहे. वेस्लीनं लगेच ओळखलं की आपण इतके दिवस जे शोधत होतो ते हेच. कर्जवसुलीतून क्लास मीटिंग जन्माला आली. बारा माणसं, एक लीडर, दर आठवड्याला भेट, तुझं कसं चाललंय हा प्रश्न. मोठी व्याख्यानं वगैरे नाहीत.

यात आणखी एक गोष्ट आहे जी नागपुरात बसून चांगली कळते. वेस्लीचे प्रचारक सतत फिरतीवर असायचे, लीडर मात्र गावातलाच, विणकर, चांभार, दुकानदार, बायकासुद्धा. आपल्याकडे अजून तीच रीत आहे, कॉन्फरन्स झाली की अपॉइंटमेंट वाचल्या जातात आणि पाळक साहेब दुसऱ्या पास्टरेटला. एखादे पाळक तरुणांत रमणारे येतात, यूथ जोरात चालतं, ते गेले की सगळं थंड. दोष पाळकांचा नाही, आपण पोरांचं काम बदली होणाऱ्या माणसाच्या खुंटीवर टांगतो. ते इथंच राहणाऱ्यांनी धरायला पाहिजे.

आणि "मला पोरांचं जमत नाही" म्हणणाऱ्यांसाठी. वेस्लीची आपल्या प्रचारकांना लेखी सूचना होती की जिथं दहा मुलं आहेत तिथं आठवड्यातून किमान तासभर त्यांना भेटा. कुणी म्हणालं की माझ्यात ती देणगीच नाही, तर त्यावरही उत्तर तयार ठेवलं होतं, देणगी असो नसो, हे करायचंच, नाहीतर तुम्ही मेथडिस्ट प्रचारक व्हायला बोलावलेले नाही. पंख्याकडे बघणाऱ्यांना हे मोठ्यानं वाचून दाखवा.

हे त्याला कुठून आलं तेही सांगतो, मास्तरकी जात नाही. त्याची आई सुझाना. एकोणीस बाळंतपणं, त्यातली निम्मी मुलं लहानपणीच गेली, नवरा कर्जात. तरी तिनं आठवड्याचा एकेक दिवस वाटून घेतला होता, संध्याकाळी एका मुलाशी एकटीनं बसून बोलायचं. जॉनचा वार गुरुवार. मोठा झाल्यावर, कॉलेजात शिकवत असतानाही त्यानं आईला पत्रातून त्या गुरुवारची आठवण करून दिली होती. घरात लेकरांचा एवढा गलका असून तिला जमलं, आणि आपल्याला शंभर घरांच्या मंडळीत चौदा वर्षांच्या एका पोरासाठी एक माणूस सापडत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. तेरा आणि सव्वीस एकत्र बसवू नका. सहा-सात जणांचे गट करा, वयाप्रमाणे, प्रत्येक गटाला एक मोठं माणूस, शक्यतो त्या पोरांचे आईबाप नसलेलं. महिन्यातून एकदा सगळे मिळून एमवायएफ भरवा, ते चालेल.

भाषेबद्दल. संडे स्कूल मुळात वाचायला शिकवायलाच निघालं. १७६९ मध्ये हाय विकमला हॅना बॉल नावाच्या मेथडिस्ट बाईनं मुलांना रविवारी जमवायला सुरुवात केली, नंतर १७८० पासून ग्लॉस्टरच्या रॉबर्ट रेक्समुळे ते सगळीकडे पसरलं. कामाला जाणारी गरीब पोरं, आठवड्यात एकच सुट्टी, त्यांना अक्षरओळख आणि बायबल एकदमच. आपल्या पोरांना अक्षरं येतात, हिंदीमुळे देवनागरी येते, २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी विषयही आला आहे. अडतं ते शास्त्राच्या मराठीवर. त्याला सराव लागतो, आणि सरावाला कारण लागतं. रविवारच्या उपासनेतलं शास्त्रवाचन पोरांकडे द्या, पाळीपाळीनं, आणि शनिवारी एखाद्या निवृत्त बाईंकडे दोन वेळा मोठ्यानं वाचून घ्या. प्रार्थना आणि चर्चा मात्र ज्याला ज्या भाषेत येते त्या भाषेत करू द्या, तिथं मराठीचा हट्ट धरलात तर पोर गप्प बसेल.

---

पुण्यातली_नागपूरकर

मास्तर सरांचं पटलं. पण मी त्या "गायब" झालेल्यांपैकी एक आहे म्हणून दुसऱ्या बाजूनं लिहिते.

मी दहावीच्या आसपास यूथला जाणं बंद केलं. मोबाईल नव्हता तेव्हा माझ्याकडे, सो काकांना सांगा ती थिअरी बाद. मला दोन गोष्टींचा कंटाळा आला होता. एक म्हणजे यूथची आठवण फक्त काम असलं की व्हायची, नाताळला डान्स बसवा, कन्व्हेन्शनला खुर्च्या लावा, जेवणं वाढा, आणि निर्णय घेताना तुम्ही लहान आहात. दुसरं म्हणजे काहीही विचारलं की उत्तर एकच, प्रार्थना कर. अरे करते ना प्रार्थना, पण प्रश्न तर तसाच आहे!

आणि नागपूरच्या पोरांचे प्रश्न वेगळे असतात हे मोठ्यांना कळत नाही की कळून घ्यायचं नाही माहीत नाही. माझ्या वर्गातल्या निम्म्या मैत्रिणी आंबेडकरी घरातल्या. दरवर्षी दीक्षाभूमीला जायच्या, घरी पुस्तकं, वाचन, आईवडील वाद घालणारे. त्यांनी मला सरळ विचारलं, बाबासाहेबांनी १९५६ ला इथंच नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला, त्याआधी बाकीच्या धर्मांचाही विचार झाला होता, मग ख्रिस्ती धर्म का नाही निवडला? आणि तुमच्या चर्चमध्ये जात नाही म्हणतेस तर लग्न जमवताना तुमचे लोक हळूच काय विचारतात? मी हे यूथमध्ये विचारलं. शांतता. मग कुणीतरी म्हणालं आपण स्तोत्र घेऊया.

मला उत्तरच पाहिजे होतं असं पण नाही. "हो, हे आपल्याकडे आहे आणि ते चूक आहे" एवढं जरी कुणी मोठ्यानं म्हटलं असतं तरी मी पुढच्या रविवारी आले असते. त्यामुळे संडेस्कूलवाली ताई, गट करा नक्की करा पण लीडर निवडताना सर्वात भक्तिमान माणूस नका शोधू, ज्याला "मला माहीत नाही, शोधून सांगतो" म्हणायला लाज वाटत नाही असा शोधा. दारू पिणारे बाबा, ब्रेकअप, डार्विन, आरक्षण, मार्क कमी पडल्यावर जीव नकोसा होणं, हे सगळं त्या गटात बोलता आलं पाहिजे.

एकच गोष्ट मनापासून आवडली होती ती पण सांगते. एका वर्षी व्हीबीएसच्या शेवटच्या दिवसाचं नाटक आम्हा मोठ्या पोरांकडे पूर्ण सोपवलं होतं, स्क्रिप्टपासून. आम्ही वेस्लीच्या घरची आग घेतली. १७०९ मध्ये एपवर्थचं त्यांचं घर रात्री पेटलं, सगळे बाहेर आले, पाच वर्षांचा जॉन वरच अडकला, खिडकीत उभा. शिडी आणायला वेळ नाही, मग एक माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर चढला आणि त्याला खाली काढलं आणि लगेच छप्पर कोसळलं. आम्ही पोरांचा थर लावला, वर बाल्कनीत सर्वात बारकं पोरगं, खाली गाद्या, आगीसाठी केशरी ओढण्या आणि टेबलफॅन. बारकी पोरं अक्षरशः किंचाळत होती. त्या उन्हाळ्यात आम्ही कुणी एक दिवस चुकवला नाही, कारण ते आमचं होतं. नंतर परत खुर्च्या लावायला बोलावलं.

---

जरीपटका_मम्मी

सगळं बरोबर आहे पण प्रॅक्टिकल बोलू का? माझा मुलगा अकरावीला, नीटची तयारी. क्लासवाल्यांची टेस्ट रविवारी सकाळी. दर रविवारी नाही पण बरेचदा. मी त्याला टेस्ट सोडून चर्चला चल म्हणू शकत नाही, फी भरताना घरातलं काय काय थांबवलं ते आम्हालाच माहीत. आणि मग एखाद्या रविवारी तो आला की दारातच तीन जण विचारतात, काय रे, चर्च विसरला का? तो म्हणतो मम्मी मी नाही येत पुढच्या वेळी. मंग काय बोलणार.

तर माझी विनंती, यूथची वेळ बदला. शनिवारी संध्याकाळी किंवा रविवारी संध्याकाळी ऊन उतरल्यावर ठेवा. उन्हाळ्यात तर दुपारची मीटिंग कुणाच्या डोक्यातून निघते समजत नाही, पंचेचाळीस डिग्रीत पोरं बसनं येणार का? आणि दारावर उभ्या असणाऱ्या मंडळींना सांगा की पोरगा आला तर फक्त "ये, बस" म्हणा.

---

रिटायर्ड_मास्तर

@जरीपटका_मम्मी, अगदी बरोबर. संडे स्कूल रविवारी का ठेवलं होतं? कारण पोरं बाकी सहा दिवस कामावर असायची. पोराला ज्या दिवशी सवड तो दिवस आपला. आज कामाची जागा कोचिंगनं घेतली आहे, तर वार हलवायला काही हरकत नाही. रविवारची उपासना वेगळी, ती जशी जमेल तशी.

---

संडेस्कूलवाली_ताई

केवढं लिहिलंत सगळ्यांनी. वाचून थोडा धीर आला. @पुण्यातली_नागपूरकर, तुझं दोनदा वाचलं. दीक्षाभूमीचा प्रश्न आमच्याही पोरीनं संडे स्कूलमध्ये विचारला होता, सहावीतल्या! मी तिला म्हटलं पुढच्या आठवड्यात आपण दोघी मिळून वाचू, आणि खरंच वाचतोय, बाबासाहेबांचं लिखाण तिच्याच घरी निघालं, तिच्या आजोबांकडे.

वेळेचं मी कमिटीत मांडते. गटांचं पण. मला वाटतं दृढीकरण झालेली आणि होऊ घातलेली असे मिळून दोन-तीन गट सहज होतील. मोठं माणूस म्हणून नर्सिंगमधून रिटायर झालेल्या एक बाई डोळ्यासमोर आहेत आणि रेल्वेतले एक भाऊ. पण एक शंका, गट घरी भरवले तर चालतील का? चर्चच्या हॉलमध्ये सतत लग्नाची नाहीतर महिला मंडळाची बुकिंग.

---

कोर्टाच्या_वाटेवरची

घरी भरवण्याआधी थांबा, यावर कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलते. कडू लागेल.

अठराच्या खालचं प्रत्येक मूल कायद्यानं बालक आहे, पॉक्सो, २०१२ चा कायदा. चर्च, मंदिर, क्लास, सगळ्यांना सारखा लागू. एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार झाला किंवा होण्याची शक्यता आहे असं तुम्हाला कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, कलम १९. न कळवणं हाच गुन्हा आहे. "चर्चची बदनामी नको, आपसात मिटवू, पाळक साहेब समज देतील" हे चालत नाही, पाळकांना नाही, कमिटीला नाही, तुम्हालाही नाही. हेल्पलाइन १०९८, ती पोरांनाच पाठ करायला लावा, सुवर्णवचनासोबत.

आता गटांचं. एका मोठ्या माणसाकडे सहा पोरं सोपवायची कल्पना छान आहे पण एकटं मोठं माणूस बंद खोलीत नको. दोन मोठी माणसं, एकमेकांचे नातेवाईक नसलेली, त्यात मुलींच्या गटात किमान एक बाई. मास्तर सर सुझानाबाईंचं सांगतात ते सुंदर आहे, पण ती त्यांची आई होती. आपण आई नाही. एकट्या पोराशी बोलायचं असेल तर बोला, जरूर बोला, पण दार उघडं, कुणाच्या तरी नजरेत, व्हरांड्यात, चर्चच्या पायरीवर. रात्री अकरा वाजता पोरीला पर्सनल मेसेज करणारा यूथ लीडर कितीही सुंदर प्रार्थना करत असला तरी त्याला त्याच दिवशी बाजूला करा.

व्हीबीएसला आजूबाजूची दुसऱ्या धर्माची पोरं येतात असं असेल तर त्यांच्या आईबापांकडून लेखी परवानगी घ्या, काय शिकवणार ते स्पष्ट सांगा. पोरांचे फोटो पण विचारल्याशिवाय फेसबुकवर नको. रामटेक-अंबाझरीला सहल नेली तर कोण कुणाला घरी सोडणार याची यादी आधी. हे अविश्वासानं नाही म्हणत. चांगल्या माणसाला नियमाचा त्रास होत नाही, आणि त्याच्यावर खोटा आळ आला तर हाच नियम त्याला वाचवतो.

---

रिटायर्ड_मास्तर

@कोर्टाच्या_वाटेवरची, मान्य. माझ्या पोस्टमध्ये प्रत्येक गटाला एक असं आहे ते दोन असं वाचावं. क्लास मीटिंगमधल्या लोकांसाठी वेस्लीनं जे तीन सर्वसाधारण नियम घालून दिले त्यातला पहिलाच अपाय करू नका असा आहे, चांगलं करा हा दुसरा. क्रम लक्षात घ्या.

---

सदरवाला

मी सीएनआयचा, पाहुणा म्हणून दोन शब्द. मेथडिस्ट मंडळींनी हसून घ्यावं, तुमचं-आमचं जुनं आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली ती इथंच, आपल्या नागपुरात, आणि अमेरिकन मिशनवाले मेथडिस्ट बोलणी होऊन ऐनवेळी आत आले नाहीत. पुढं १९८१ पासून तुमची मेथडिस्ट चर्च इन इंडिया. ब्रिटिश मेथडिस्ट मात्र आमच्यात आले, म्हणजे वेस्ली आमच्याही घरचा आहे थोडा.

मोठ्यांचं जुळलं नाही ते नाही, पोरांचं जुळायला काय हरकत? आमच्याकडे पण तीच परिस्थिती, एका चर्चमध्ये पंधरा-सोळाच्या वयाची पोरं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी. पोरांना आपल्यासारखी बरीच पोरं दिसली की बरं वाटतं, नाहीतर त्याला वाटतं वर्गात मी एकटाच ख्रिस्ती, चर्चमध्ये मी एकटाच तरुण. दोन-तीन चर्चची यूथ महिना-दोन महिन्यांतून एकत्र बसवा. मॅच ठेवा, वादविवाद ठेवा. एकदा नागपूर दर्शनच करा आपल्या लोकांचं, स्कॉटलंडवरून आलेला स्टीफन हिस्लॉप १८६३ मध्ये नदीत बुडून वारला आणि त्याच्या नावाचं कॉलेज १८८३ ला सुरू झालं, आता ते सिव्हिल लाइन्समध्ये आहे, रोज त्याच्यासमोरून जाणाऱ्या पोरांना माहीत नसतं तो कोण. हा माणूस दगड आणि जीवाश्म गोळा करायचा, भूगर्भशास्त्रात त्याचं नाव आहे. डार्विनवर प्रश्न विचारणाऱ्या पोराला हे सांगितलं तर तो ऐकतो, अनुभव आहे. टिळक पण काही काळ नागपूरलाच होते, इथून राजनांदगावला जाताना गाडीत एका गोऱ्या प्रवाशानं त्यांना नवा करार दिला. ती लाइन तीच आहे, एखाद्या शनिवारी पोरांना त्याच गाडीत बसवून सांगा ना ही गोष्ट!

---

ढोलकीवाला_भाऊ

@सदरवाला मॅच म्हणजे क्रिकेट ना? आमचे पोट्टे आत्ताच तयार आहेत. पण पोरींचं काय, त्यांना स्कोअर लिहायला बसवू नका म्हणजे झालं, मागच्या वेळी माझ्या पोरीनं घरी येऊन माझंच डोकं खाल्लं.

---

संडेस्कूलवाली_ताई

पोरी खेळणार, ठरलं.

बाकी हॉलचं मी विचारलं, शनिवारी साडेपाच ते सात मिळतो, लग्न असलं तर मागचा व्हरांडा. दोन-दोन मोठी माणसं शोधतेय, नर्सबाई हो म्हणाल्या, त्यांच्यासोबत कॉलेजात शिकवणाऱ्या एक ताई. रेल्वेवाल्या भाऊंची ड्यूटी पाळीनं असते म्हणून त्यांच्या जोडीला असा कुणीतरी पाहिजे जो प्रत्येक शनिवारी नागपुरातच असेल, तो अजून मिळाला नाही.

मास्तर सर, तुम्ही म्हटलेली वही केली. रकाने रिकामे निघाले, तुम्ही म्हटलं त्यापेक्षा जास्त. आता एक सांगा, पहिल्या शनिवारी पोरं गोल करून बसली आणि "कसं चाललंय" विचारल्यावर सगळे "ठीक" म्हणून गप्प झाले तर?

---

रिटायर्ड_मास्तर

गप्प होतीलच. तुम्ही आधी बोला, तुमचा आठवडा कसा गेला ते, खरं खरं, पण पोरांवर ओझं होईल असं नाही. मग काहीतरी हातानं करायला द्या, नाताळचे कंदील, पेटीची साफसफाई, आजारी म्हाताऱ्यांना पाठवायची पत्रं. हात कामात असले की पोरं बोलतात, समोरासमोर खुर्च्या टाकून बसवलं की त्यांना तोंडी परीक्षा वाटते. कुणी नाहीच बोललं तर सात वाजता प्रार्थना करून सोडा आणि पुढच्या शनिवारी परत त्याच वेळी दार उघडा. आणि जो आला नाही त्याला रविवारच्या आत एक फोन, का आला नाहीस हे न विचारता.

---

जरीपटका_मम्मी

ताई साडेपाच नको सहा करा ना, क्लास साडेपाचला सुटतो, जरीपटक्यावरून यायला वेळ लागतो.

---

संडेस्कूलवाली_ताई

सहा ते साडेसात. विचारते. आणा त्याला.